मदत हवी: परदेशी शाळेसोबत व्हिडिओ कॉल लावला, पण पोरं तोंडच उघडत नाहीत

नमस्कार मंडळी, मी नाशिकला मखमलाबादच्या बाजूला मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला भूगोल शिकवते, दुपार सत्र, पटावर 54 पोरं. माझ्या मावसभावाची बायको नेदरलँडला शाळेत शिकवते, तर फेब्रुवारीत आम्ही दोघींनी वर्गाला वर्ग जोडून दिला. प्रोजेक्टर, माझा लॅपटॉप आणि शिपाई मामांच्या मोबाइलचं हॉटस्पॉट. शाळेत कोणीतरी टोमणा मारलाच, काय मॅडम, ग्लोबल टीचर पुरस्कारवाले डिसले गुरुजी व्हायचंय का!

कॉल लागला छान, पण बोलल्या कोण तर इंग्लिश बरं असलेल्या तीन मुली, बाकी 51 जण टीव्ही बघितल्यासारखे गप्प. तिकडच्या एका मुलाने विचारलं की द्राक्षं झाडाला लागतात की वेलीला, अहो आमच्या निम्म्या पोरांच्या घरी बाग आहे, एकाच्या वडिलांचा माल दरवर्षी युरोपला जातो, तो मागच्या बाकावर मान खाली घालून बसलेला आणि उत्तर दिलं कोणी तर जिने बाग फक्त रस्त्यावरून पाहिलीय तिने. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

दुसरा कॉल मार्चच्या शेवटी ठरवला तो फसलाच. तिकडे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात हे भूगोलाची बाई असून मी विसरले 🙈 आम्ही 1 ला बसलो, ते आपल्या 12 पासून वाट बघून खेळायला निघून गेले.

आता सप्टेंबरमध्ये परत जमवायचंय. सगळी पोरं बोलती कशी करू? कोणी केलंय का असं?

प्रतिसाद 1
ताई, आधी आवाजाचं बघा. एकाच खोलीत दोन मोबाइल जॉइन केले की शिट्टी वाजते, एकच ठेवा आणि बोलणाऱ्याला त्याच्याजवळ उभं करा, लांबून ओरडायला लावलं की पोरं अजून लाजतात. आणि फुकटातलं झूम 40 मिनिटांनी तुटतं, गूगल मीटवर दोनच डिव्हाइस असतील तर तासाची मर्यादा लागत नाही.

प्रतिसाद 2
आम्ही मिस्टरी स्काइप खेळायचो. समोरचा वर्ग कुठला ते माहीत नसतं, फक्त हो किंवा नाही असं उत्तर येईल असे प्रश्न विचारून नकाशावर शोधायचं. दोघं विचारणार, चौघं अ‍ॅटलासवर, एक जण फळ्यावर, एक वेळ बघणार, रिकामं कोणीच नाही. स्काइप 2025 च्या मे महिन्यात बंद झालं, पण खेळाला काय, कुठलाही कॉल चालतो. तुमचा देश माहीत झालाय तर वस्तू ओळखायला लावा. छाटणीची कात्री धरा कॅमेऱ्यासमोर, बघा कसे प्रश्न येतात.

प्रतिसाद 3
+1. आणि त्या मागच्या बाकावरच्याला मराठीतच बोलू द्या की! त्या तीन मुली इंग्लिश करून सांगतील. डच पोरांची तरी मातृभाषा कुठे इंग्लिश आहे, तीही अडखळत असतील, हे आपल्या पोरांना आधी सांगा, अर्धी भीती तिथेच जाते.

धागाकर्ती
अय्या, हे डोक्यातच आलं नव्हतं! मी उगाच महिनाभर त्यांच्याकडून इंग्लिश वाक्यं पाठ करून घेतली. पण सप्टेंबरमध्ये बागेत घड नसतात, गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, ऑक्टोबरात. मग दाखवायचं काय?

प्रतिसाद 3
नुसत्या काड्याच दाखवा. ह्याला फळ कधी येईल ते त्यांना ओळखू दे, आणि तो मुलगा त्याच बागेतला घड जानेवारीत दाखवेल. जानेवारीत त्यांचं घड्याळ परत एक तास मागे आलेलं असतं, म्हणून तो कॉल आपल्या 1 ला बरं का, 12 ला नाही 😄