डायलिसिस सुरू व्हायच्या आधीच फिस्टुला करून घ्यावा का?

अबोली:
बाबा ६८ वर्षांचे, मधुमेह जुना. जीएफआर (किडनी रक्त किती गाळते तो आकडा) १४ वर आलाय. डॉक्टर म्हणतात, डायलिसिसच्या सुयांसाठी हाताला फिस्टुला आत्ताच करा. बाबांचं म्हणणं, "मशीनला लावलं नाही तोवर हात कशाला कापायचा? वेळ आली की मानेतून नळी टाका." एका नातेवाइकांनी ग्राफ्ट सुचवलाय. घरात कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

रातकिडा:
आत्ताच करा. आईच्या वेळी आम्ही "बघू, बघू" करत राहिलो. एका रात्री धाप लागली, घाईघाईत मानेत नळी बसली आणि पुढच्या तीन महिन्यांत दोनदा हुडहुडी भरून ताप. नळीवाटे जंतू थेट रक्तात जातात. आंघोळीची तर रोजची कसरत.

फिस्टुला म्हणजे आपलीच शीर आपल्याच धमनीला जोडायची. दाबाने शीर फुगते, जाड होते, मग त्यात सुया बसतात. याला दीड ते तीन महिने लागतात, म्हणूनच आधी करायचा. आईचा मनगटाजवळचा तयारच झाला नाही, शीर बारीक होती. कोपराजवळ दुसरा केला, तो चालला. त्यामुळे आधी डॉप्लर (शिरा-धमन्यांची सोनोग्राफी) करा. मधुमेहात मनगटाची धमनी कडक झालेली असू शकते, तेव्हा मनगटाचाच हट्ट नको.

सुईवाला:
मी डायलिसिस टेक्निशियन. ग्राफ्ट म्हणजे धमनी आणि शीर यांच्यामध्ये बसवलेली कृत्रिम नळी. साधारण दोन-तीन आठवड्यांत वापरता येते, पण गुठळी आणि संसर्ग फिस्टुलापेक्षा जास्त. शिरा चांगल्या नसतील तेव्हा तोच बरा. हृदय फारच कमजोर असेल तर मानेतली नळीच ठेवावी लागते, कारण फिस्टुलाने हृदयावरचा भार वाढतो. म्हणून हृदयाचा इको आधी.

फिस्टुला तयार झाला का, हे ठरवायला आम्ही सहाचा हिशोब बघतो: शीर ६ मिमी रुंद, त्वचेखाली ६ मिमीच्या आत, प्रवाह मिनिटाला ६०० मिली.

आणि बाबा ज्या हाताने लिहीत नाहीत तो आजपासून राखून ठेवा. त्यात सलाईन नाही, रक्त काढणं नाही, बीपीचा पट्टा नाही.

अबोली:
गेल्याच आठवड्यात डाव्याच हाताला सलाईन लावलं, कोपरापाशी काळंनिळं झालंय!

सुईवाला:
ते उतरू द्या, मग डॉप्लर. पुढच्या वेळी सुई हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूला मागा.

फिस्टुला झाल्यावर रोज सकाळी त्यावर बोटं ठेवायची. चालू फ्रिजला हात लावल्यासारखी थरथर लागते. थांबली तर त्याच दिवशी सर्जन गाठा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका. बोटं गार पडून दुखायला लागली तरी कळवा, पंजाकडे रक्त कमी जात असेल.

अबोली:
बाबा डॉप्लरला तयार झालेत. एवढंच विचारताहेत, घड्याळ कुठे बांधायचं?

सुईवाला:
उजव्या हाताला.