मजुरी एकत्र मोजू लागल्यापासून माल का घटला?

टॉवेलवाला: सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आमचा टॉवेलचा लहानसा कारखाना आहे. शिलाईच्या चौघी जणी पूर्वी आपापले डझन वेगळे लिहीत असत. दिवाळीनंतर मी चौघींचे गठ्ठे एकत्र मोजून मजुरी समान वाटू लागलो, तेव्हापासून माल घटला आहे, जरी अंगचोरपणा करताना कोणीही दिसत नाही. नव्या मुलीची तऱ्हा आणखी निराळी आहे. एकटी असताना तिची काठाची शिवण सरळ येते, पण शेजारी कोणी पाहत उभे राहिले की सुई काठावरून घसरते. मग माणसे जवळ असल्याने काम वाढते की बिघडते?

मानसशास्त्राची शिक्षिका: हे दोन वेगळे प्रश्न आहेत. फ्रेंच कृषी अभियंते मॅक्स रिंगेलमान यांनी दोर ओढणाऱ्यांचा जोर मोजला होता. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या आकड्यांनुसार आठ जण मिळून ओढू लागले की एकेकाचा जोर जवळपास निम्म्यावर येत असे. काही जोर मेळ न बसल्याने वाया जातो, हे खरे. परंतु १९७९ मध्ये मानसशास्त्रज्ञ बिब लाताने व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत, आपल्याबरोबर इतरही ओरडत आहेत असा नुसता समज करून दिल्यावरही माणसांचा आवाज उतरला. आपल्याकडे प्रत्येकीचे मशीन स्वतंत्र असल्याने मेळाचा प्रश्नच येत नाही. गेली आहे ती कोणी किती शिवले याची नोंद.

विडी कामगाराचा मुलगा: नव्या मुलीविषयी लिहितो. आई बायकांच्या घोळक्यात विड्या वळायला बसली की तिचा हात अधिकच भराभर चाले. मी शिकत असताना मात्र तिच्या मैत्रिणी आल्या की माझी विडी हमखास सैल सुटे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये मांडले की पाहणाऱ्यांमुळे हाताची मुरलेली सवय उसळून वर येते, आणि शिकाऊच्या हातात मुरलेली असते ती बहुधा चूकच. तिचा हात बसेपर्यंत तिच्यामागे उभे राहू नये. त्यात मालकही आलेच.

टॉवेलवाला: वेगळी मोजणी मी भांडणांमुळे बंद केली होती, कारण नॅपकिनचा सोपा गठ्ठा कोणाला द्यायचा यावरून रोज कुरबुर होत असे. आता मजुरी समानच ठेवून नोंद तेवढी वेगळी करून पाहतो.