चंद्र नसलेल्या ग्रहावर चांदणं पडतं का?

रंकाळाकाठ
एका शब्दावर तीन दिवस अडून बसलोय. भाची सातवीत आहे. तिला इंग्रजी मालिका भराभर समजत नाहीत, म्हणून 'स्टार ट्रेक' या अंतराळकथेच्या मूळ मालिकेतले भाग मी तिला मराठीत लिहून देतो. ८ सप्टेंबर १९६६ ला दाखवलेल्या पहिल्याच भागात उहुरा स्पॉकला विचारते की पौर्णिमेच्या निवांत संध्याकाळी तुमचा व्हल्कन ग्रह कसा दिसतो. तो म्हणतो, व्हल्कनला चंद्र नाही. इथवर जमलं. पुढे ग्रहाची ओळख म्हणून मी पदरच्या दोन ओळी घातल्या: तांबूस आभाळ, तापलेली वाळू, विरळ हवा आणि रात्री त्या वाळूवर पडलेलं चांदणं. भाचीनं नेमकं तिथंच बोट ठेवलं. "मामा, चंद्र नाही तर चांदणं कुठलं?"
मला ताऱ्यांचं चांदणं म्हणायचं होतं. आमच्या घरी आभाळ ताऱ्यांनी भरलं की 'काय चांदणं पडलंय' असंच म्हणतात. चुकलं का?

शुद्धाक्षर
भाचीचं बरोबर आहे. चांदणं चंद्राचंच. पिठूर चांदणं, टिपूर चांदणं म्हटल्यावर कुणाच्याही डोळ्यांपुढे पौर्णिमाच उभी राहते. ताऱ्यांना चांदण्या म्हणतो, पण त्यांच्या उजेडालाही चांदणं म्हणू लागलो तर दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द उरेल. तिला 'तारकाप्रकाश' द्या. मुलांना नेमका शब्द लहानपणीच मिळावा.

गुऱ्हाळवाला
तारकाप्रकाश कुणाच्या तोंडी ऐकलाय तुम्ही?
आमचं रान शिरोळ तालुक्यात. शेतीची वीज रात्रीची असली की मी आज्याबरोबर उसाला पाणी पाजायला जायचो. अवसेची रात्र, मी बॅटरी लावली की आजा म्हणायचा, "इझीव ती. चांदणं पडलंया, डोळं बसू दे जरा." आणि खरंच, थोड्या वेळानं सरीतलं पाणी कळायचं. पाणी दिसत नाही, पाण्यात पडलेल्या चांदण्या दिसतात. वाहतं पाणी असलं की त्या फुटून थरथरतात. थरथर थांबली की सरी भरली, दारं फिरवायचं, म्हणजे पाणी पुढच्या सरीत वळवायचं.
हे मी शाळेत निबंधात लिहिलं, 'अमावास्येच्या चांदण्यात' म्हणून. गुरुजींनी लाल रेघ मारली आणि ते वाक्य वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. पोरं हसली. पस्तीस वर्षं झाली, ती रेघ मला आजही मान्य नाही.

शुद्धाक्षर
वर्गात हसू करणं वाईटच, मी स्वतः शिक्षक होतो म्हणून जास्त लागलं. तुमच्या आजोबांचं निरीक्षण अस्सल आहे. पण घरातला वापर आणि लिखित भाषा यांत काही अंतर ठेवावं लागतं.

पैंजण
मी हुपरीची. आमच्यात बायका 'मी सांगतो' म्हणतात, तशीच लिहितो.
संस्कृतात 'चन्द्' म्हणजे चमकणे. चंद्र म्हणजे चमकणारा, चांदी त्याच घरातली. मग चांदणं म्हणजे मुळात लकाकी, ती कुणाचीही असो. आमच्याकडे चांदीचे पैंजण उजळून आले की सासूबाई ते खिडकीशी धरतात आणि म्हणतात, "आलं बघ चांदणं." तिथं कुठला चंद्र असतो?

शुद्धाक्षर
व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. मास आणि महिना, दोन्हींच्या पोटात चंद्र आहे. मग व्हल्कनवर महिने कसे मोजणार? अमावास्येत 'अमा' म्हणजे एकत्र, सूर्य-चंद्र एकत्र राहतात ती. तिथं अमावास्याही नाही. दुसऱ्या ग्रहाचं लिहायचं तर हे शब्द उंबऱ्याबाहेर ठेवावे लागतील.

खगोलवही
थोडं आभाळाचं सांगतो, कारण निकाल तिथं दडलाय असं मला मनापासून वाटतं. जुलै १९९१ च्या 'स्काय अँड टेलिस्कोप' मासिकात मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी आणि तीन खगोलशास्त्रज्ञांचं पत्र आलं. व्हल्कनचा सूर्य म्हणून त्यांनी ४० एरिडानी हा तारा धरला. तो सुमारे १६ प्रकाशवर्षांवर आहे. वय चार अब्ज वर्षं, म्हणजे बुद्धिमान जीव घडायला सवड मिळाली. (२०१८ साली तिथं खरोखरचा ग्रह सापडल्याची बातमी आली होती, पण ती ताऱ्याच्या पृष्ठभागाचीच हालचाल निघाली, असं २०२४ मध्ये स्पष्ट झालं. मला फार हळहळ वाटली.)
आता मुद्दा. या ताऱ्याला दोन जोडीदार आहेत, एक श्वेत बटू आणि एक तांबडा बटू (बटू म्हणजे लहान तारा). व्हल्कनवरून ते आपल्या शुक्रापेक्षा कितीतरी तेजस्वी दिसतील, वाळूवर सावली पडेल इतके. शुक्र ग्रह असून आपण त्याला शुक्राची चांदणी म्हणतो. मग त्या दोन चांदण्यांच्या उजेडाला चांदणं म्हणायचं नाही तर काय?
४० एरिडानी नुसत्या डोळ्यांनी दिसतो. मृगातला राजन्य हा ठळक तारा (इंग्रजीत रायजेल) धरा आणि जवळजवळ सरळ पश्चिमेला या. शहरातून नाही जमणार, हिवाळ्यात पन्हाळ्यावर जा.

रंकाळाकाठ
पन्हाळ्याला नेतो तिला, नक्की. पण आता दुसरं अडलं. १९७९ च्या चित्रपटात व्हल्कनच्या आभाळात मोठाले गोल दिसतात, आणि २००१ च्या सुधारित आवृत्तीत ते काढून टाकले. भाचीनं जुनी आवृत्ती पाहिली तर त्या गोलांना काय म्हणू? चंद्र की उपग्रह? उपग्रह म्हटलं की तिला टीव्हीची छत्री आठवते.

पैंजण
चंद्रच म्हणा. गुरूचे चंद्र म्हणतोच की आपण.

शुद्धाक्षर
चंद्र हे विशेषनाम आहे. उपग्रह योग्य. छत्रीमुळे चांगला शब्द सोडायचा नसतो.

गडइंग्लजवाला
मला वरचं एक खटकलं. गुऱ्हाळवाले, तुम्ही 'दारं फिरवायचं' म्हणता. आमच्याकडं 'दारं मोडायचं'. आणि रात्री पाण्याला जाणं म्हणजे 'दारं धरायला' जाणं.

गुऱ्हाळवाला
मोडायचं पण म्हणतात. पण उसाला पाजतात, भाताला सोडतात. यात आमचा आजा कधी चुकला नाही.

गडइंग्लजवाला
आणि मिरचीला?