मिगचा रंग सुटला: कोणाला माहिती आहे का?

बी-३०४: नमस्कार सोसायटीची मंडळी. सप्टेंबर २०२५ मध्ये चंदिगडला मिग-२१ लढाऊ विमानाला निरोप दिला, ते टीव्हीवर बघितल्यापासून आमच्या मुलाने ध्यास घेतला होता. दीड महिना खपून १:७२ प्रमाणाचं प्लास्टिकचं मॉडेल केलं. काल त्यावर काळा वॉश (सांध्यांच्या खाचा उठून दिसाव्यात म्हणून द्यायचा पातळ रंग) दिला, तर खालचा राखाडी रंगच ब्रशबरोबर निघून आला. पंख चिकट झालाय. पोरगं धड जेवलंही नाही. ए-७०२ चे काका अशी मॉडेलं करतात ना?

ए-७०२: ताई, वॉश कशात कालवला होता?

बी-३०४: हार्डवेअरच्या दुकानातून थिनर आणलं होतं. रंग ॲक्रिलिकचा.

ए-७०२: मग ते एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर असणार. ते ॲक्रिलिक सोडवतं आणि खालचं पॉलिस्टायरीन प्लास्टिकही खातं. त्याला सांगा, हात व्यवस्थित होता, बाटली चुकली.
खालच्या थराला विरघळवेल असं काही वॉशमध्ये नको, एवढं धरून ठेवायचं. ॲक्रिलिकवर ट्यूबमधला ऑइल कलर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून द्यावा. खाली इनॅमल असेल तर टर्पेंटाइनही चालणार नाही, तिथे पाण्यातला ॲक्रिलिक वॉश.
आणि मध्ये ग्लॉस वार्निश हवंच. मॅटवर वॉश डागासारखा पसरतो. ग्लॉसवर ब्रशचं टोक खाचेला नुसतं टेकवलं की रेघ आपसूक पुढे धावत जाते. ते बघायला फार छान वाटतं.



बी-३०४: वार्निश किती वेळ सुकवायचं?

ए-७०२: आपल्या दमट हवेत निदान दोन दिवस. नाक जवळ नेऊन बघायचं, वास येतोय म्हणजे आत ओलंच आहे. पुसताना इअरबड टर्पेंटाइनमध्ये बुडवून आधी कापडावर टिपायचा, जवळजवळ कोरडा झाला पाहिजे. मग नाकाकडून शेपटीकडे, हलक्या हाताने.

बी-६०१: ओझरला (नाशिकजवळ विमानांचा कारखाना आहे तिथे) नोकरीत होतो तेव्हा मिग रोज बघायचो. सांध्यांच्या रेघा दहा पावलांवरून दिसतही नाहीत. काळा नका देऊ, फार उठून दिसतो.

ए-७०२: अगदी बरोबर. बर्न्ट अंबरमध्ये किंचित काळा, बस.
ताई, पंख चार-पाच दिवस तसाच ठेवा, बोट लावू नका. कडक झाला की बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासू आणि तेवढ्याच भागाला परत प्रायमर मारू. पुढच्या रविवारी ११ ला पाठवा त्याला.

बी-३०४: पाठवते काका. त्याने सगळं वाचलं, वॉटर पेपर कितीचा आणू विचारतोय.

ए-७०२: ६०० आणि १०००, एकेक.