मदत हवी आहे : सोसायटीच्या गणपतीची वर्गणी ऐच्छिक कशी करावी?

वडोदऱ्यातील आमच्या सोसायटीत गणपतीची वर्गणी आजवर देखभाल खर्चाच्या पावतीतच धरली जात असे. देव न मानणाऱ्या एका सभासदांनी ती वेगळी व ऐच्छिक असावी, असे यंदा लेखी कळवले. मांडवाच्या विजेचे काम मात्र ते दरवर्षी आपणहून करतात, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. मी नेमाने पूजा करते, तरीही संविधानाच्या कलम २५ मधील सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य माझ्याइतकेच त्यांचेही आहे, असे मला मनापासून वाटते. काही ज्येष्ठांना यात बाप्पाचा अवमान दिसतो. त्यांचे मन न दुखावता सभेत ठराव कसा मांडावा, आणि न देणाऱ्यांची नावे फलकावर उघडी पडू नयेत यासाठी पावत्या कशा ठेवाव्यात? कोणाकडे अशा ठरावाचा मसुदा असल्यास कृपया द्यावा.