मदत हवी आहे: लाखेच्या जुन्या रेकॉर्ड्स पार्सलने पाठवताना पॅकिंग कसं करावं?

नमस्कार मंडळी,

मी मिरजेची. गेल्या दिवाळीनंतर माझे मामा गेले. त्यांच्या माडीवरच्या कपाटातून ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या) चारशेच्या आसपास प्लेटा निघाल्या (मामा 'रेकॉर्ड' कधी म्हणाले नाहीत, प्लेटच म्हणायचे) आणि दीडशेएक एलपी (नंतरच्या काळातल्या प्लास्टिकच्या रेकॉर्ड्स). मामीला आता मुलीकडे राहायला जायचं आहे, घर रिकामं करायचं आहे. आम्हा भाचरांपैकी कुणाकडेच एवढं ठेवायला जागा नाही. भंगारवाल्याला एकही द्यायची नाही, हे मामीने निक्षून सांगितलं. म्हणून मी त्या एकेक करून ऑनलाइन विकायला घेतल्या. पैशांपेक्षा जास्त ओढ ही, की ज्याला ऐकायची आहे त्याच्याच घरी ती जावी.

आतापर्यंत ३४ पार्सलं गेली. १५ एलपींची, १९ लाखेच्या रेकॉर्ड्सची. एलपी सगळ्या धड पोचल्या, दोन कव्हरांचे कोपरे तेवढे चेमटले. लाखेच्या १९ पैकी ४ फुटल्या.

चौथी फुटली तेव्हापासून मी विक्री थांबवली आहे. हिराबाई बडोदेकरांची १० इंची रेकॉर्ड होती, नागपूरच्या एका काकांनी घेतलेली. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या आईकडे हीच रेकॉर्ड होती, ती घर बदलताना हरवली, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. पार्सल पोचलं त्या संध्याकाळी त्यांनी फोटो पाठवला. तीन तुकडे, मधलं लेबल मात्र अगदी शाबूत. मी पैसे परत पाठवले तर म्हणाले, "राहू दे गं, तुकडे मी ठेवून घेतो." मला रात्रभर झोप लागली नाही. त्याच रेकॉर्डची दुसरी प्रत मामांकडे निघाली आहे. ती मी काकांसाठी बाजूला काढून ठेवली आहे, पण पाठवायची हिंमत होत नाही.

आता मी काय करत होते ते सांगते. रेकॉर्ड तिच्या कागदी पाकिटात, त्यावर बबल रॅपचे दोन वेढे, दोन्ही अंगांना रेकॉर्डच्याच मापाचे ३ प्लायचे (तीन थरांचे) पुठ्ठे, चारही बाजूंनी ब्राउन टेप, आणि वरून कुरिअरची प्लास्टिकची पिशवी. एलपीला हे चाललं, म्हणून लाखेच्या रेकॉर्डलाही चालेल असं धरून चालले. चूक तिथेच झाली असणार. एलपी प्लास्टिकची, थोडी वाकते आणि परत सरळ होते. ७८ ची म्हणजे लाख, दगडाची पूड आणि काजळी. ती वाकत नाही, थेट तुटते. शिवाय जड असते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर १० इंची रेकॉर्ड २१५ ग्रॅम भरली, तिच्याहून मोठी असलेली १२ इंची एलपी १४० ग्रॅम.

चारही जणांकडून मी फोटो मागवून नीट पाहिले. दोन रेकॉर्ड्स आरपार दुभंगल्या होत्या, म्हणजे पार्सल कुठेतरी वाकलं किंवा त्यावर जड काही पडलं. एकीच्या कडेचा बोटभर टवका उडाला होता, म्हणजे ती कडेवर आदळली. नागपूरच्या रेकॉर्डचं दोन्ही झालं असावं.

ओळखीच्यांनी सुचवलेले उपाय असे. तासगावकडची द्राक्षांची खोकी इथे ढिगाने मिळतात, पुठ्ठाही जाड असतो. पण त्यांना हवेसाठी भोकं असतात आणि माप रेकॉर्डला जुळत नाही. सतारमेकरांच्या गल्लीत एका कारागिरांना विचारलं, कारण इथून तंबोरे देशभर जातात आणि तंबोऱ्याचा भोपळा काही कमी नाजूक नसतो. त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मनात राहिली: "ताई, भोपळा खोक्याला कुठेच टेकता कामा नये. सगळ्या बाजूंनी अधांतरी राहिला पाहिजे." ते लाकडी खोकं करतात. ३५० रुपयांच्या रेकॉर्डला लाकडी खोकं कसं परवडणार?

मग खोक्यात खोकं हा विचार केला. ३८ × ३८ × १४ सेंटिमीटरचं बाहेरचं खोकं धरलं. माझा कुरिअरवाला लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून ५००० ने भागतो आणि ते वजन धरतो. हिशेब ४ किलोच्या वर गेला. काट्यावर तेच पार्सल १ किलो १०० ग्रॅम. रेकॉर्डपेक्षा हवेचं भाडं जास्त होतंय.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावं:

लाखेच्या एका रेकॉर्डसाठी कमीत कमी किती मोठं खोकं पुरतं? पुठ्ठा ३ प्लाय की ५ प्लाय? थर्माकोल, फोम, चुरगाळलेला कागद, पेंढा, यातलं काय भरावं? कुरिअर बरं की स्पीड पोस्ट? आणि एक वेगळा प्रश्न: जर्मनीतून एका संग्राहकांनी एका रेकॉर्डची चौकशी केली आहे. ती एकाच बाजूला ध्वनिमुद्रण असलेली, खूप जुनी आहे. परदेशी पाठवायला वेगळं पॅकिंग लागतं का?

—

प्रतिसाद १

ताई, आधी तुमच्या मामींना माझा नमस्कार सांगा. मी तीस वर्षं ७८ च्या रेकॉर्ड्स जमवतोय, पोस्टाने मागवतो आणि पाठवतोही. सुरुवातीला माझ्याही फुटल्या.

तुमचा पुठ्ठा रेकॉर्डच्याच मापाचा होता, हे मुख्य कारण. पार्सल कडेवर पडलं की दणका थेट रेकॉर्डच्या कडेला. पुठ्ठा चारही बाजूंनी निदान अडीच सेंटिमीटर बाहेर हवा. १० इंची रेकॉर्ड पाकिटासकट २६ सेंटिमीटर धरा, म्हणजे पुठ्ठा ३१ × ३१. प्रत्येक अंगाला एक नको, दोन पुठ्ठे लावा. पुठ्ठ्याच्या आत ज्या उभ्या नळ्या दिसतात, त्या एका पुठ्ठ्यात उभ्या आणि दुसऱ्यात आडव्या येतील असे ठेवा. एकच पुठ्ठा नळ्यांच्या दिशेने सहज मुडपतो. दोन आडवे-उभे ठेवून बघा, हाताने वाकवता येणार नाहीत.

१० इंची आणि १२ इंची एका गठ्ठ्यात कधीही घालू नका. लहान रेकॉर्डच्या कडेवर मोठी टेकते आणि वरून दाब आला की तिथेच तुटते.

खर्चाचं म्हणाल तर एकेक विकू नका. एकाच मापाच्या चार-चार रेकॉर्ड्सचा संच करा. खोकं जेमतेम दोन सेंटिमीटरने वाढतं, भाडं चौघींत वाटलं जातं. आणि खोक्याची उंची १४ कशाला? १० पुरेल.

मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची जुनी संस्था आहे, १९९० पासूनची. तुमच्याकडे दुर्मीळ काही असेल तर विकण्याआधी तिथल्या माणसांना यादी दाखवा, ही माझी कळकळीची विनंती. एखादी रेकॉर्ड कुठेच दुसरी उरलेली नाही असंही निघतं.

—

प्रतिसाद २

मी खोक्यांच्या कारखान्यात कामाला होतो, म्हणून पुठ्ठ्याबद्दल लिहितो.

आतले पुठ्ठे ३ प्लाय चालतील, बाहेरचं खोकं ५ प्लायच घ्या. नवं घ्या. वापरलेलं खोकं वरून चांगलं दिसतं, पण त्याच्या घड्या आणि कोपरे आधीच दबलेले असतात, आणि भार कोपरेच पेलतात. द्राक्षांच्या खोक्यांचं तुम्ही बरोबर ओळखलंत. ती भोकं गारव्यासाठी असतात, पार्सलला घातक. पुठ्ठा ओलावा ओढतो आणि ओलसर झाला की त्याची ताकद झपाट्याने जाते. पावसाळ्यात आतलं पार्सल आधी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, मग खोक्यात ठेवा.

टेप फक्त मधल्या फटीवर मारू नका. दोन्ही टोकांच्या फटींवरही मारा. पार्सल आदळतं तेव्हा खोकं तिथूनच उघडतं.

भरायला चुरगाळलेला कागद स्वस्त, पण गच्च भरायला हवा. ढिला भरला तर प्रवासात दबून बसतो आणि आत जागा होते. खोकं बंद करून कानाजवळ हलवा. आवाज आला तर उघडून पुन्हा भरा. पेंढा नको, त्यात ओल आणि किडे येतात.

—

प्रतिसाद ३

बबल रॅप रेकॉर्डला थेट लावू नका, एलपीला तर अजिबात नको. उन्हात तापलेल्या गाडीत दाब येऊन फुग्यांचे ठसे उमटतात. आधी कागदी पाकीट, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला.

एलपी कव्हरमधून काढून, आतल्या पाकिटासकट कव्हरच्या मागे ठेवून पाठवा. कव्हरमध्येच राहिली तर प्रवासात पुढे-मागे सरकते आणि आपल्या कडेने कव्हरची शिवण चिरते. विकत घेणाऱ्याला आधी कळवा, नाहीतर गोंधळ होतो.

पाठवण्याआधी पुसत असाल तर एक सावधगिरी: ७८ च्या रेकॉर्डला स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एलपीसाठी मिळणारी बरीचशी द्रावणं त्यामुळे हिला चालत नाहीत.

—

प्रतिसाद ४

जर्मनीच्या चौकशीबद्दल. पॅकिंगच्या आधी कायदा बघा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांपूर्वीची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. एकाच बाजूला मुद्रण असलेल्या रेकॉर्ड्स अगदी सुरुवातीच्या काळातल्या, त्यामुळे तुमच्या रेकॉर्डने शंभरी ओलांडलेली असण्याची शक्यता मोठी. पुरातत्त्व खात्याकडे विचारल्याशिवाय हो म्हणू नका. मला विचाराल तर ती इथेच राहू द्या.

देशातल्या देशात मी स्पीड पोस्ट वापरतो. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट त्यातच विलीन झालं, त्यामुळे जुन्या सवयीने खिडकीवर वेगळं रजिस्टर्ड पोस्ट मागू नका. बाहेरचा पत्ता फाटला तर म्हणून आतही एक चिठ्ठी ठेवा, दोघांचे पत्ते आणि फोन नंबर लिहून. 'नाजूक वस्तू' जरूर लिहा, पण ते कुणी वाचणारच नाही असं धरून पॅकिंग करा.

—

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवडे लिहिलं नाही, कारण हे सगळं करून बघत होते.

मामांच्या कपाटात खालच्या खणात घासून पांढऱ्या पडलेल्या, काहीच ऐकू न येणाऱ्या सहा रेकॉर्ड्स होत्या. मामीला विचारून त्यांच्यावर प्रयोग केला. पहिल्या पॅकिंगमध्ये ३१ × ३१ चे चार पुठ्ठे, आडवे-उभे, मध्ये रेकॉर्ड. कमरेच्या उंचीवरून फरशीवर कोपऱ्यावर टाकलं. उघडून बघितलं तर कडेचा टवका गेलेला. पुठ्ठे धड होते, पण रेकॉर्ड त्यांच्यामधून सरकत कडेपर्यंत आली होती. पुठ्ठा मोठा घेऊन उपयोग काय, जर रेकॉर्ड मधोमध राहातच नसेल?

म्हणून मध्ये आणखी एक ३ प्लायचा पुठ्ठा घातला आणि त्याला पाकिटाच्या मापाची २६ सेंटिमीटरची चौकोनी खिडकी कापली. रेकॉर्ड पाकिटासकट त्या खिडकीत बसते, सरकायला जागाच नाही. जाडीही जवळपास सारखी येते, त्यामुळे वरचे पुठ्ठे रेकॉर्डला दाबत नाहीत. हे सगळं प्लास्टिकच्या पिशवीत, मग ३८ × ३८ × १० च्या ५ प्लाय खोक्यात, सगळ्या बाजूंनी साडेतीन सेंटिमीटर कागद गच्च भरून. कमरेवरून पाच वेळा टाकलं, दोनदा कोपऱ्यावर. मग भाच्याने माडीच्या जिन्यावरून सोडलं. तेरा पायऱ्या. उघडताना माझे हात थरथरत होते. रेकॉर्ड साबूत होती. दुसऱ्या रेकॉर्डवर पुन्हा तेच केलं, तीही साबूत.

हिशेबाने वजन २.९ किलो येतं. चार रेकॉर्ड्सच्या संचाला १२ सेंटिमीटर उंचीचं खोकं लागतं, ते साडेतीन किलोच्या आत बसतं. तेव्हा यापुढे संचच विकणार. गायकांप्रमाणे लावायला घेतले आहेत, मामांच्या वहीत यादी आहेच. त्या यादीची प्रत मुंबईच्या संस्थेला पाठवणार आहे, आणि ते बघेपर्यंत वहीत मामांनी लाल शाईने खूण केलेल्या प्लेटांना हात लावणार नाही. जर्मनीला नकार कळवला.

नागपूरच्या काकांची एकटीच जाणार आहे. भाड्याचं मी बघते. खिडकीचा पुठ्ठा काल रात्री कापून ठेवला, आत पत्त्याची चिठ्ठी मामीने स्वतःच्या हाताने लिहिली आहे. सोमवारी सकाळी पोस्टात टाकते. काकांचा फोन आला की इथे कळवीन.