निकोलस बिडल: बँक बुडवणारा की बुडवला गेलेला?

खातेवही:
अमेरिकेतल्या 'बँक युद्धा'चा, म्हणजे राष्ट्रीय बँक ठेवावी की मोडावी या १८३० च्या दशकातल्या भांडणाचा, विषय निघाला की राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन जनतेचा कैवारी आणि बिडल फिलाडेल्फियाचा माजोरडा सावकार, असंच ऐकू येतं. मला हे साफ नामंजूर आहे. १८११ साली पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात पहिल्या राष्ट्रीय बँकेच्या मुदतवाढीसाठी भांडणारा हा आमदार तेव्हा जेमतेम पंचविशीचा होता. १८२३ मध्ये तो दुसऱ्या राष्ट्रीय बँकेचा अध्यक्ष झाला. त्या काळी राज्याराज्यांतल्या बँका आपापल्या नोटा छापत. गाव सोडून लांब गेलं की तीच नोट बट्ट्याने, म्हणजे छापील किमतीपेक्षा कमी भावाने चाले. करापोटी जमा झालेल्या या नोटा बिडलची बँक त्या त्या बँकेच्या दारात नेई आणि म्हणे, मोजा सोनं-चांदी! मग वाट्टेल तितक्या नोटा छापायची कोणाची छाती होणार?

फाटकी नोट:
आणि त्याच्या दारात कोणी जायचं? बँकेत सरकारचं भांडवल फक्त एक पंचमांश, पण सरकारी ठेवी सगळ्या याच्याकडे. सिनेटर डॅनियल वेबस्टर बँकेचा पगारी वकील. डिसेंबर १८३३ मध्ये सभागृहात बँकेवरून रण पेटलेलं असताना हे महाशय बिडलला लिहितात, नेहमीचं मानधन अजून आलं नाही. जॅक्सनने सरकारी ठेवी या बँकेतून हलवल्यावर बिडलने कर्जं आवळली ती कशासाठी? लोकांचे हाल दिसल्याशिवाय काँग्रेस (अमेरिकी संसद) हलणार नाही, हे त्याचंच म्हणणं.

खातेवही:
ठेवी गेल्यावर कोणताही बँकर हात आखडताच घेईल.

बारभाई:
सुरुवातीला नाइलाज होता, पुढे निव्वळ हट्ट. १८३४ मध्ये बँकेचा पाठीराखा असलेला पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर जॉर्ज वुल्फसुद्धा उलटला, यातच काय ते आलं. पण खरी माती जानेवारी १८३२ मध्येच खाल्ली. बँकेची सनद, म्हणजे सरकारी परवाना, १८३६ पर्यंत होती. जॅक्सनचा निवडणुकीतला प्रतिस्पर्धी हेन्री क्ले याच्या नादाने ऐन निवडणुकीच्या वर्षी मुदतवाढ मागितली. जुलैत जॅक्सनने नकाराधिकार वापरला आणि वर्षअखेरीस तोच पुन्हा निवडून आला. बिडलला हिशेब कळत होता, मतदार नाही.

फाटकी नोट:
हिशेबही किती कळत होता म्हणा! पुढे राज्याची सनद घेऊन तीच बँक चालवली, कापसाच्या सट्ट्यात उतरला, १८३९ मध्ये पायउतार झाला. १८४१ मध्ये बँक बुडाली.

खातेवही:
सट्ट्याचं समर्थन मी करत नाहीच. पण जॅक्सनने सरकारी ठेवी ज्या मर्जीतल्या बँकांत नेल्या, त्यांतल्या किती १८३७ च्या मे महिन्यातल्या बँक-संकटानंतर नोटेला सोनं-चांदी देत होत्या, तेही सांगा की.